आमचे समुद्रगमन

आमच्या घराण्यात समुद्रगमन करणारे पहिले गृहस्थ आम्हीच. पूर्वी ब्राह्मणाने समुद्र ओलांडला म्हणजे त्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. बौधायनाच्या धर्मसूत्रात तर समुद्रसंयान पातकांच्या यादीतच घातलेले आहे. मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याच्या आधाराने जाण्यास समुद्र ओलांडणे म्हणावे की काय, याचा निर्णय शास्त्री मंडळींनी करावा. आम्हांस मात्र प्रायश्चित्त घडले, आणि ते समुद्राबद्दल नसून दुसऱ्याच एका पातकाबद्दल होते. ते पातक कोणते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. आमच्यासारखी पातकी माणसे प्रत्येक मोठ्या कुटुंबात एकदोन तरी असतातच.

आमचे गाव जत. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले. पूर्वी येथे डफळे घराण्याचे संस्थान होते. यल्लम्मादेवीची जत्रा सोडली तर बाहेरच्या लोकांस आमच्या गावाची ओळख एकाच गोष्टीने आहे, ती म्हणजे दुष्काळ. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर कृष्णाकाठी, वाईस. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडणारी ही मुलगी लग्न होऊन जतेस आली आणि घागरी मोजून पाणी वापरावयास शिकली. 2013 सालच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या असताना त्या आम्हांस म्हणाल्या होत्या, "अहो, एकदा असे पाणी पाहायचे आहे की ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही." गणपतीपुळ्यास आम्ही एकदा गेलो होतो, पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नव्हते. चोहोंकडे पाणी आणि मध्ये आपण, असे त्यांस हवे होते.

ही गोष्ट आमच्या पुण्यातील चिरंजीवांनी लक्षात ठेवली. आमच्या लग्नास चाळीस वर्षे झाली त्या हिवाळ्यात त्यांनी मुंबई ते गोवा अशा प्रवासी नौकेची दोन तिकिटे आमच्या हाती ठेवली. थोरल्या वहिनींपासून पुतण्याच्या धाकट्या मुलीपर्यंत साऱ्या घरास आनंद झाला. आम्हीही आनंद दाखविला; परंतु आमच्या पोटात त्या वेळी दुसरीच एक वस्तू होती.

ती गोष्ट अशी. त्याआधी दोन वर्षांपासून आमचे पोट मधूनमधून दुखत असे. रात्री जड जेवण झाले की एकदोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ सुरू होई, ती पाठीत उजव्या पात्याखाली जाई, दोनतीन तास जीव नकोसा करी आणि आपली आपण थांबे. आपल्या घरांतून 'पित्त' हा शब्द फार सोयीचा आहे. डोके दुखले तर पित्त, छातीत जळजळले तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आम्हीही मोरावळा, सुंठसाखर, कोकमाचे सार यांवर दिवस काढले. एकादशीस पोटास विश्रांती मिळेल म्हणून निष्ठेने उपास केला आणि शेंगदाण्याचा कूट व तूप घातलेली खिचडी पोटभर खाल्ली. त्या रात्रीची कळ सर्वांत मोठी होती.

शेवटी डोळे तपासावयाचे निमित्त करून आम्ही एकटेच मिरजेस गेलो. 1894 साली डॉक्टर वॉनलेस यांचे रुग्णालय उभे राहिल्यापासून मिरज हे वैद्यकाचे गाव झाले आहे. आमच्या भागातील दुखण्याची वाट अखेर तिकडेच जाते. तेथे एका शल्यवैद्यांनी सोनोग्राफी करून पित्ताशयात चौदा मिलिमीटरचा खडा दाखविला. यकृतात पित्तरस तयार होतो, तो पित्ताशयाच्या पिशवीत साठतो. त्यातील कोलेस्टेरॉल साचून बहुधा असे खडे होतात. तूपतेल पोटात गेले की पिशवी आकुंचन पावते, खडा तिच्या तोंडाशी अडतो आणि कळ येते. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ज्यांस काहीच त्रास नाही त्यांचे खडे आम्ही बहुधा तसेच राहू देतो. तुम्हांस मात्र वारंवार दुखते आहे. पुन्हा दुखणारच. पिशवी काढून टाका."

आम्हांस शस्त्राचे भय वाटले. घरी येऊन आम्ही तो कागद आपट्यांच्या संस्कृत कोशात ठेवून दिला, कारण त्या ग्रंथास आमच्याखेरीज कोणी हात लावीत नाही. मग सुश्रुतसंहिता उघडली. निदानस्थानात 'पित्ताश्मरी' हा शब्द दिसताच रोग सापडल्याचा आनंद झाला, आणि खडा विरघळविण्यासाठी आम्ही वहिनींकडून, केवळ आवडीचे म्हणून, दररोज हुलग्याचे माडगे करवून घेऊ लागलो. पुढे सावकाश वाचल्यावर कळले की सुश्रुताची अश्मरी ही बस्तीतील, म्हणजे मूत्राशयातील. पित्ताने झालेली अश्मरी ती पित्ताश्मरी. जन्मभर मुलांकडून समास सोडवून घेणाऱ्या आम्ही तृतीया तत्पुरुषाचा षष्ठी तत्पुरुष केला होता! हुलग्याने पित्ताशयातील खडा विरघळत नाही, हे त्या खड्यानेच आम्हांस पुढे पटवून दिले.

तिकिटे आली ती अशा स्थितीत. सांगावे, तर चिरंजीव प्रवास रद्द करणार. सौभाग्यवतींनी तर दोन नवी लुगडी घेऊन साऱ्या आळीस वर्दी दिलेली. शिवाय शस्त्रक्रिया पुढे ढकलावयास आम्हांस एक सुरेख सबब मिळत होती, हेही कबूल केले पाहिजे. प्रवाशांच्या अर्जात प्रकृतीविषयी प्रश्न होता. सत्य बोलावे असे चाळीस वर्षे शिकविणाऱ्या हाताने आम्ही त्यापुढे 'काही नाही' असे लिहिले.

मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईस आणि तेथून बॅलार्ड पियरवर, असा आमचा मार्ग होता. नौका कसली, तरंगते गावच ते! संध्याकाळी ती हलली आणि मुंबईचे दिवे मागे पडू लागले. आम्ही उभयता वरच्या कठड्याशी उभे होतो. पूर्वी कोकणची आगबोट याच वाटेने जाई, असे सांगून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे आम्ही भूगोलाच्या तासाप्रमाणे म्हणून दाखविली. सौभाग्यवतींचे तिकडे लक्ष नव्हते. त्या नुसत्या पाण्याकडे पाहत होत्या. काळोख पडला तेव्हा म्हणाल्या, "आता काही दिसत नाही. उद्या पहाटे उठून पाहू. तुम्ही मला उठवा हं."

उठविण्याचा प्रसंग पहाटेपूर्वीच आला. भोजनगृहात पंचवीस-तीस पदार्थ मांडून ठेवलेले, आणि हवे तितके घ्यावे असा रिवाज. पैसे भरलेलेच आहेत, मग सोडावे कशाला, या मध्यमवर्गीय न्यायाने आम्ही पनीर, पुऱ्या, रबडी असे सर्व काही घेतले. रात्री एकच्या सुमारास कळ आली. सौभाग्यवतींनी दिवा लावून विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "काही नाही गं, बोट लागली असेल." समुद्र त्या रात्री परातीतल्या पाण्यासारखा स्थिर होता. त्यांनी आम्हांस लिंबू हुंगावयास दिले, पाठीवरून हात फिरविला. अडीच वाजले तरी कळ थांबेना. घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या, तेव्हा आमचे न ऐकता त्यांनी घंटा वाजविली.

नौकेवरील दवाखान्यात एक तरुण केरळी डॉक्टर होते. त्यांनी प्रथम हृदयाचा आलेख काढला, कारण छातीच्या कडेची वेदना कधी हृदयाचीही असते. तो ठीक निघाला. मग बरगडीखाली बोटे रोवून त्यांनी श्वास घ्यावयास सांगितले आणि आमचा श्वास अर्ध्यावर अडकला. "यापूर्वी असे झाले होते काय? सोनोग्राफी केली आहे काय?" त्यांनी हिंदीत विचारले. आता खोटे बोलण्याची शक्ती उरली नव्हती. आम्ही सर्व सांगितले. "मग तो कागद कोठे आहे?" आम्ही म्हणालो, "जतेस. कोशात."

सौभाग्यवती उशाशी उभ्या होत्या. डॉक्टर इंजेक्शन भरीत होते तेवढ्यात त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षे तुमच्या ताटात काय वाढायचे ते मी पाहिले. काय वाढायचे नाही, एवढेच तुम्ही मला सांगितले नाही?"

वाचकहो, पित्ताशयाची कळ आम्ही पुष्कळ वेळा सोसली आहे. या वाक्यावर मात्र आमच्यापाशी औषध नव्हते.

डॉक्टरांनी त्यांस सारे समजावून सांगितले. नौकेवर वेदना थांबविता येते, सलाईन लावता येते, थोड्याफार तपासण्या करता येतात. पण पोट उघडता येत नाही. खडा पिशवीच्या तोंडातून निसटून मागे गेला तर काही तासांत कळ ओसरेल. न ओसरली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, तर पिशवीस सूज आली किंवा पित्तनलिका अडली असे समजावयाचे. कधी स्वादुपिंडासही सूज येते आणि ती जिवावर बेतते. अशा वेळी तटरक्षक दलाकडे साहाय्य मागता येते, आणि ते रुग्णास नौकेवरून उचलूनही नेतात. परंतु अंतर, हवा व उजेड ही तिन्ही अनुकूल असावी लागतात. "सकाळी गोवा आहे, हे आपले दैव," ते म्हणाले. "हीच नौका दोन दिवस किनारा न दिसणाऱ्या मार्गावर असती तर?"

पहाटे कळ ओसरली. डोळे उघडले तेव्हा खिडकीतून तांबूस उजेड येत होता आणि बाहेर, सौभाग्यवतींस हवे होते तसे, काठ नसलेले पाणी पसरलेले होते. त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. रात्रभर त्या आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. ज्यांस समुद्र दाखविण्यासाठी आम्ही खरे लपविले, त्यांस त्या लपविण्यामुळेच समुद्र दिसला नाही.

गोव्यात उतरून आम्ही दोन दिवस रुग्णालयात काढले. नलिकेत खडा अडकला नव्हता, हे आमचे भाग्य. नंतर रेल्वेने मिरजेस परत आलो आणि त्याच शल्यवैद्यांपुढे उभे राहिलो. ते रागावले नाहीत. नुसते हसले, ते अधिक लागले.

ज्या शस्त्राचे आम्ही एवढे भय घेतले होते त्याविषयीही थोडे सांगतो. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1882 साली बर्लिन येथे लांगेनबुख यांनी केली. तेव्हापासून शंभर वर्षे मोठा छेद घेऊनच ती होत असे. दुर्बिणीने ती करण्याची रीत आपल्या देशात डॉक्टर उदवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रथम आणली. आता बहुधा चार लहान छिद्रांतून काम होते. आमचे तासाभरात आटोपले; तिसऱ्या दिवशी आम्ही घरी होतो. पिशवी गेली तरी पित्तरस यकृतातून थेट आतड्यात उतरतो आणि अन्न पचते. खडा आम्हांस बाटलीत घालून दिला. बोराच्या बीएवढ्या त्या वस्तूने केवढा संसार हलविला, हे पाहून पुतण्याची मुलगी फार वेळ हसत होती.

आता चार शब्द उपदेशाचे. जुनी खोड आहे, वाचकांनी क्षमा करावी. पोटात खडा असून तो कधी दुखला नसेल, तर उगाच भिऊ नये. तथापि लांबच्या प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे. एकदा जरी दुखला असेल, तर समुद्रप्रवासाचा बेत करण्यापूर्वी त्याचा निकाल लावावा. तपासणीचे कागद व औषधांची चिठ्ठी सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावी. विम्याच्या व प्रवासाच्या अर्जात खरे तेच लिहावे. लपविलेल्या रोगाचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते. पंगतीत जिभेस आवरावे, आणि उपासाने खडा जातो असे मानू नये. फार उपाशी राहिल्याने पित्त पिशवीत साचूनच राहते. कळ काही तास थांबली नाही, ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळीजर्द झाली, तर 'पित्त झाले' म्हणून सुंठसाखर चघळीत बसू नये. आणि सर्वांत मुख्य, बरोबर जो माणूस असेल त्यास सर्व सांगून ठेवावे. आपल्या घरांतून वडील माणसे दुखणे लपवितात आणि त्यास सोशिकपणा म्हणतात. ती सोशिकता नव्हे. आपला भार मध्यरात्री न सांगता दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणे आहे.

पुढच्या हिवाळ्यात चिरंजीवांनी पुन्हा तिकिटे काढली. या खेपेस आम्ही पहाटे सौभाग्यवतींस उठविले. कठड्याशी त्या पुष्कळ वेळ उभ्या होत्या. सूर्य वर आला, पाणी चकाकू लागले, तेव्हा जतेच्या त्या गृहिणी एवढेच म्हणाल्या, "एवढे पाणी, आणि एक घागरही भरून नेण्यासारखे नाही!" पण त्यांचा चेहरा आम्ही पाहिला होता.

अलीकडे एक नवा प्रघात आमच्या घरात पडला आहे. आम्ही कोठेही प्रवासास निघालो, अगदी सांगलीपर्यंत जरी, तरी सौभाग्यवती प्रथम आपट्यांचा कोश फडताळातून काढतात, उलटा धरतात आणि चांगला झटकून पाहतात.