वहिनीची थैली आणि चौदा अंकी नंबर

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातल्या मराठी घरांत खुंटीला किंवा कपाटावर एक थैली असतेच. कापडाच्या दुकानाची, नाहीतर कुण्या लग्नात मिळालेली. तिच्यात घरातल्या सगळ्यांच्या आजारपणाचे कागद असतात. गुंडाळलेले एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, शाई उडालेल्या पावत्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा. नागपूरला दवाखान्यात निघताना आधी थैली घेतली का ते विचारायचं, मग डबा, मग पैसे. या समूहावर रामाकोन्याच्या छोट्या गाडीवर, कन्हानवर, संत्र्याच्या बागांवर बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. मी आज थैलीवर लिहिते. आता तिची जागा मोबाइल घेऊ लागला आहे, आणि त्या बदलात आमच्या माहेरी जे झालं ते तुमच्याही घराच्या उपयोगाचं असेल असं वाटतं.

थैली आपल्याकडे एवढी मोठी का झाली, तर आपल्या पत्त्यामुळे. राहायचं मध्य प्रदेशात, बोलायचं मराठी, आणि आजार मोठा झाला की धावायचं नागपूरला. 1956 पर्यंत नागपूर आपलीच राजधानी होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला ते दुसऱ्या राज्यात गेलं, पण आपले पेशंट तिकडेच जात राहिले. गावाकडची चिठ्ठी हिंदीत, नागपूरचा रिपोर्ट इंग्रजीत आणि डॉक्टरला सांगायचं ते मराठीत. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने. त्यात 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, म्हणजे जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा आणि नव्यांवर पांढुर्णा. कुठल्याच एका दवाखान्याकडे आपली पूर्ण हकिकत नसायची. ती फक्त थैलीत असायची, आणि थैली सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यात.

आमच्या घरी ती बाई म्हणजे माझी वहिनी. माझी भाची दीड वर्षाची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली, डोळे पिवळे दिसू लागले, आणि ती रात्र रात्र रडायची. आधी नजर काढून झाली, तेल लावून झालं. मग भाऊ आणि वहिनी तिला घेऊन छोट्या गाडीने नागपूरला आले. तपासणीत सिकलसेल निघाला. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष आलेले. डॉक्टरांच्या भाषेत 'एसएस'. भाऊ आणि वहिनी दोघंही 'एएस' म्हणजे वाहक होते, आणि दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या वैदर्भी पट्ट्यात हा आजार नवा नाही, पण त्याचं नाव घरात कुणी घेत नाही.

वहिनी सातवी शिकलेली. तिने तेव्हापासून एक दोनशे पानी वही केली. तारीख, कुठं दुखलं, ताप किती, हिमोग्लोबिन किती, रक्त दिलं का, कोणत्या गोळीने अंगावर पुरळ उठलं. हायड्रॉक्सीयुरिया हा शब्द तिने स्वतःच्या मनाने कसाबसा लिहिलेला, पण मात्रा आणि तारीख अगदी बरोबर. सगळं आमच्या बोलीत. 'आज लय दुखलं, पाणी पाजलं, शेकलं, संध्याकाळी उतरलं.'

कॉम्प्युटर आपल्या आजारपणात शिरला तो करोनाच्या लसीपासून. जानेवारी 2021 मध्ये लसीकरण सुरू झालं आणि कोविनवरचं प्रमाणपत्र गावातल्या आजीच्याही नावाने निघालं. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि आभा नंबर आला, चौदा अंकी. आशाताई घरोघरी सांगू लागल्या. पण लोकांनी त्याची गल्लत आयुष्मान कार्डाशी केली. ते कार्ड वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं, आणि आभा म्हणजे आपल्या कागदांचा पत्ता. नुसता नंबर काढून काही होत नाही. रिपोर्ट ज्या दवाखान्यात तयार झाला तिथेच राहतो; दवाखान्याने तो आपल्या नंबराला जोडला तर तो आपल्याला दिसतो, आणि आपण होकार दिला तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतो. होकार ठरावीक मुदतीपुरता देता येतो, परतही घेता येतो. भावाने गावच्या सेंटरवर सगळ्यांचे नंबर काढून घेतले, कागद लॅमिनेट केले आणि थैलीतच टाकले.

2022 च्या डिसेंबरात भाची शिकायला माझ्याकडे नागपूरला होती. थंडी पडली की तिला त्रास होतोच. एका रात्री पाठ आणि मांड्या इतक्या दुखायला लागल्या की तिला उभं राहवेना. आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलं. खिडकीवर मी आभा नंबर सांगितला. तो लागला, नाव आलं, आणि त्याखाली काहीच नाही. वीस वर्षांच्या आजाराची एकही नोंद जोडलेली नव्हती. थैली रामाकोन्यात.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.2. ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, आकडा बघून घाबरला आणि दोन बाटल्या रक्त लावायचं म्हणाला. साध्या माणसाचं एवढं उतरलं असतं तर ते बरोबरच होतं. मी वहिनीला फोन लावला. तिने झोपेतून उठून वही काढली.

"बाई, डॉक्टरले सांगा, तिचं नेहमीचंच सात-साडेसात राह्यते. मागच्या पोळ्याले सात पॉइंट चार होतं. दोनदा रक्त दिलं तवा दुसऱ्या खेपेला अंगावर गांधी उठल्या होत्या. पहिले पाणी लावा म्हणा, अन् दुखण्याचं औषध द्या."

मग तिने वहीची पानं आणि जुने रिपोर्ट, शेजारच्या पोराला उठवून, व्हॉट्सॲपवर पाठवले. डॉक्टरने ते एकेक मोठं करून वाचलं, वरिष्ठांना फोन केला, आणि रक्त थांबवलं. सलाइन आणि वेदनेच्या औषधावर ती तिसऱ्या दिवशी घरी आली. नंतर मोठ्या डॉक्टरांनी समजावलं की या आजारात माणसाचा नेहमीचा आकडा काय, हे माहीत असणं फार महत्त्वाचं. उगाच रक्त देत राहिलं तर शरीर त्याविरुद्ध लढणारे घटक तयार करतं, आणि खरोखर गरज पडते तेव्हा जुळणारं रक्त मिळणं अवघड होतं.

त्यानंतर भाचीने दोन महिने लावून सगळं जुळवलं. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, जुन्या दवाखान्यात तिसरंच. सिकलसेलच्या तपासणीचा मूळ कागद, रक्त दिल्याच्या तारखा, ॲलर्जी, सगळं स्कॅन करून तिने आपल्या खात्यात चढवलं. मात्र प्रत्येक वेळी ओटीपी जायचा भावाच्या मोबाइलवर. घरातल्या पाचही जणांचे नंबर त्याच एका मोबाइलवर काढलेले. भाऊ बागेत असला, रेंज नसली, की इकडे ही ताटकळत बसायची. आधी आम्हाला ती नुसती अडचण वाटली. त्यातली खरी गोम पुढे कळली.

1 जुलै 2023 ला आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट. तपासलेल्यांना कार्ड मिळतं. आमच्या नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली. "नाव कॉम्प्युटरमध्ये चढलं तर पोरीचं लग्न कसं जमन?" वहिनीलाही तीच भीती. थैली कपाटात कोंबता येत होती. पाहुणे आले की वही गहू ठेवायच्या कोठीमागे जायची. आता हा नंबर कुठं लपवायचा?

मागच्या वर्षी एक स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा नोकरीला. मध्यस्थ आमच्या लांबच्या मामांपैकी. ते म्हणाले, "आजाराचं आत्ताच काढू नका. लग्न झाल्यावर सांगता येते." भावाला ते पटत होतं. त्याने भाचीच्या खात्यातले कागदच काढून टाकायचे ठरवले. मोबाइल त्याचा, ओटीपी त्याच्याकडे येणार, त्याला ते सहज जमलं असतं. तो वाईट माणूस नाही. लेकीच्या संसाराच्या काळजीनेच करत होता. पण हेच कागद नसल्यामुळे त्या डिसेंबरच्या रात्री काय होऊ घातलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

भाची बापाशी भांडली नाही. तिने आधी तिचा नंबर बदलून स्वतःचं सिम आभाला जोडून घेतलं. मग सगळ्यांसमोर पाटीवर लिहावं तसं कागदावर मांडलं. ती 'एसएस'. मुलगा 'एए' निघाला, तर सगळी मुलं वाहक होतील, आजारी एकही नाही. मुलगा 'एएस' निघाला, तर प्रत्येक मुलामागे आजाराची शक्यता निम्मी. "बाबा, माझा रिपोर्ट मी लपवला तर त्याचा रिपोर्ट मी कोणत्या तोंडाने मागू? तुम्हाला अन् आईला कोणी हे विचारलं असतं तर?" भाऊ काहीच बोलला नाही. वहिनी आत निघून गेली, आणि थोड्या वेळाने कोठीमागची वही आणून तिने मधोमध ठेवली.

रिपोर्ट दाखवला, मुलाची तपासणी मागितली, आणि त्या घरून पुन्हा फोन आला नाही. वहिनी आठ दिवस नीट जेवली नाही. हे मी लपवत नाही, कारण अशा गोष्टी सांगताना शेवट गोड करायची आपल्याला सवय आहे. भाचीचं लग्न अजून जमलेलं नाही. ती नोकरी करते, औषध नियमित घेते. मात्र आमच्या भावकीतल्या तीन घरांनी त्यानंतर आपल्या मुलामुलींची तपासणी बोलणी सुरू व्हायच्या आधीच करून घेतली. त्यातल्या एका मुलीने ती आपल्या मनाने केली आणि घरी नंतर सांगितलं.

केंद्र सरकारने 2016 मध्ये आरोग्याच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची जी मानके ठरवली, त्यांत लिहिलं आहे की नोंद दवाखान्याकडे विश्वासाने ठेवलेली असते आणि तिच्यातल्या माहितीचा मालक पेशंट असतो. पेशंट म्हणजे कोण, हे मात्र आपल्या घरात ठरतं. घराचा एकच मोबाइल असेल, तर मालक तो मोबाइलवालाच.

म्हणून तुमच्या घरी अशी थैली असेल तर एका रविवारी ती पलंगावर रिकामी करा. प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवा. जुन्या माणसांची तारीख 1 जानेवारी लावलेली असते, तिच्याकडेही बघा. नेहमीचे आकडे, ॲलर्जी आणि चालू औषधं एका पानावर लिहा, आणि त्या पानाचा फोटो निदान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मूळ कागद फेकू नका, सर्व्हर रात्री दोन वाजताही बंद पडतो. आणि जो आजारी आहे त्याचा नंबर त्याच्याच सिमवर असू द्या. सून असो, सासू असो, लेक असो. तेवढं एक सिम घेऊन द्यायला महाग नाही.