शेजार भाड्याचा नसतो

शिक्षक-प्रशिक्षणासाठी जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे मी दीड वर्ष त्या देशात राहिले. माझी खोली टोकियोच्या पश्चिमेला फुस्सा या गावी होती. तेथे योकोता नावाचा अमेरिकेचा हवाई तळ आहे. शेजारच्या घरात अमेरिकन वायुसेनेतील एका सैनिकाचे कुटुंब भाड्याने राहत होते. आई, वडील आणि आठ वर्षांची मुलगी.

घर लाकडी व दुमजली होते. दारातच बूट काढण्यासाठी सखल जागा. तिला ‘गेन्कान’ म्हणतात. आत ‘तातामी’ म्हणजे जाड गवती चटया. जपानी लोक खोलीचे माप चटयांवरून सांगतात. ‘सहा चटयांची खोली’ म्हटले की सर्वांना कळते. रात्री गाद्या अंथरायच्या आणि सकाळी गुंडाळून कपाटात ठेवायच्या. उंच वडिलांचे डोके मात्र दाराच्या चौकटीला अधूनमधून आपटत असे!

तेथे जळणारा कचरा एका वारी, तर बाटल्या व डबे दुसऱ्या वारी ठेवावे लागतात. पहिल्याच आठवड्यात माझा वार चुकला आणि गाडीने पिशवी उचलली नाही. मी ओशाळले. तेव्हा ती मुलगी एक तक्ता घेऊन आली. घरमालकीण आजींनी तिच्यासाठी चित्रे काढून तो तयार केला होता. त्यावरून तिने मला सारे वार समजावले.

वडील कामगिरीवर गेले की कित्येक आठवडे परतत नसत. विमानाचा आवाज येताच मुलगी खिडकीकडे धावे. आजी मात्र गप्प होत. एकदा मी मोडक्या जपानीत कारण विचारले. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी टोकियोवर बाँब टाकले, त्या रात्री लहानग्या आजी आईचा हात धरून आगीतून पळाल्या होत्या.

“मग यांनाच घर का दिलेत?” मी विचारले.

आजी म्हणाल्या, “या मुलीने माझे काय वाईट केले?”

पुढे त्या सैनिकाची बदली झाली. कुटुंबाने घर अमानतीसारखे धुऊनपुसून परत केले. निघताना मुलगी आजींसमोर जपानी रीतीने कमरेत वाकली. आजींनी डोळे पुसले. तो तक्ता मुलीने भिंतीवरच राहू दिला होता, नव्या भाडेकरूंसाठी.

मित्रांनो, घर भाड्याचे असू शकते, शेजार भाड्याचा नसतो. तुमच्या गल्लीत नवे कुटुंब आले, तर तुम्ही त्यांना काय समजावून सांगाल?