तुन्हा गिलास कथा शे?

धुळ्याच्या साक्री तालुक्यात, एका अंगणवाडीत माझी विद्यार्थिनी साडेतीन वर्षांच्या मुलासमोर तपासणीचा कागद घेऊन बसली होती. ‘पेला दे,’ ती तीनदा म्हणाली. पोरगं तिच्या बांगड्यांकडे बघत राहिलं. ‘सूचना समजत नाहीत’ या ओळीपुढे खूण पडली. दारात टेकलेल्या आजीला शेवटी राहवलं नाही. ‘तुन्हा गिलास कथा शे रे?’ तिनं विचारलं, आणि पोरगं उठून कोपऱ्यातला स्टीलचा गिलास घेऊन आलं.

विद्यार्थिनी धुळ्याचीच, घरी अहिराणी बोलणारी. पण हातात छापील कागद आला की तिची जीभ थेट पुण्याला जाते. सहा वर्षांखालच्या दिव्यांग मुलांसोबत काम करायला मी जळगाव-धुळ्यात शिकवते, आणि पहिले काही आठवडे ही जीभ माघारी आणण्यातच जातात. जळगावकडे लेवा बोली, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर पावरी. तिथे तर आमच्या शिक्षिकेला मुलाची आईच दुभाषी म्हणून लागते. मुलांपर्यंत आपण जायचं, हा धडा जुनाच : बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डी गावात गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आम्ही अंगणात पोचलो खरे, कागद मात्र शहरातलाच नेला.

इथवरचं मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग एका गावात तीन वर्षांची मुलगी भेटली. हाक मारली तर वळायची नाही, शब्द दोन-चारच. मी म्हटलं, घरची भाषा वेगळी आहे, अंगणवाडीत रुळली की बोलेल. आजोबांनी दुजोरा दिला, ‘हिचा बापही उशिराच बोलला.’ आठ महिन्यांनी कान तपासले, तेव्हा दोन्ही कानांना खूप कमी ऐकू येतं असं निघालं. ती चूक माझी. भाषेचा धडा इतका पक्का केला होता, की कान तपासायचेच विसरले. त्या आठ महिन्यांची भरपाई नंतर कोणत्याही यंत्रानं झाली नाही.

जन्मतःच्या बहिरेपणासाठी जगभर मानलेला नेम असा : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही सहाव्याच वर्षी. त्याआधीचं बरंचसं उरतं अंगणवाडी सेविकेवर. पोषण आहार, वजन, रजिस्टरं, मोबाइलवरची माहिती सांभाळून तिनं हे मूलही ओळखायचं. २०२३ मध्ये केंद्रानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली, चांगलं झालं. पण कार्यपद्धती वाचून हात तयार होत नाहीत. त्यासाठी शेजारी बसून दाखवणारं कुणीतरी लागतं, तेही एकदा नाही, दर महिन्याला.

आता मी विद्यार्थिनींना एकच क्रम पाठ करायला लावते. आधी कान, मग घरची बोली, कागद शेवटी.

दिवाळीच्या सुमारास साक्रीकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, लेकरं सोबत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. तुमच्या घरी, शेजारी, शेतावर मागून हाक मारल्यावर न वळणारं मूल असेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणू नका. ट्रक निघायच्या आत त्याचे कान तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयात विचारा.