आईला खुणा कोण शिकवणार?

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीला थांबते. ऐकू-बोलू न शकणारी एक लहान पोर याच गाडीने चुकून अमृतसरला गेली आणि पुढे समझोता एक्स्प्रेसने लाहोरला पोहोचली, असा तिचं घर शोधणाऱ्यांचा कयास. तिला आपण गीता म्हणून ओळखतो. कराचीत समाजसेविका बिल्किस एधींनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. आधी तिचं नाव त्यांनी फातिमा ठेवलं होतं. पोर हात जोडते, वाकून पाया पडते हे पाहिल्यावर ते गीता झालं.

२६ ऑक्टोबर २०१५ ला ती भारतात परतली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज तिला लेकच मानत. बिहारमधल्या एका कुटुंबाने आमची मुलगी म्हणून हक्क सांगितला, पण डीएनए जुळला नाही. मग इंदूरला राहून शोध सुरू झाला. हाताशी होत्या फक्त तिच्या आठवणी: स्टेशन, नदी, काठावरचं देऊळ, उसाची शेतं, डिझेलचं इंजिन. आमच्याकडे, लातूर-परभणीच्या भागात, विजेवरची गाडी फार उशिरा आली, म्हणूनच ती शेवटची आठवण मला मोलाची वाटते. शोध नांदेडपर्यंत आला, परभणीत पोहोचला. मार्च २०२१ मध्ये बिल्किसबाईंनी सांगितलं, गीताला आई सापडली. तिचं खरं नाव राधा.

आई तिला बघून रडली. लेकीने हातांनी काय काय सांगितलं, पण आईला त्यातलं काही उमगेना. गीताची भाषा शाळेत शिकलेली, आईला ती कुणी शिकवलेलीच नाही. त्या बातमीतली एवढी एकच गोष्ट माझ्या काळजात रुतून बसली. सरहद्द ओलांडली, दोन्ही देशांची माणसं धावली, आणि समोरासमोर बसल्यावर बोलायचं कसं?

लातूरला आमच्या शेजारची मुलगी मूकबधिरांच्या निवासी शाळेत आहे. दिवाळीला घरी आली की चुलीपाशी बसून तिचे हात भराभर चालतात. मैत्रिणीचं भांडण, नवीन बाई, पडलेला दात, सगळं एका दमात. आई चकली तळता तळता मान हलवते, 'बरं बरं' म्हणते आणि ताटली पुढे करते. तिला 'जेव', 'झोप', 'इकडं ये' एवढ्याच खुणा येतात. पोरगी थोडा वेळ आईच्या तोंडाकडे बघते आणि गप चकली खाते. या दोघींमध्ये कुठलीच सरहद्द नाही, तरी ताटातूट आहेच, आणि तिची बातमी कधी होत नाही.

लेकरांना शिकवणाऱ्या शाळा आहेत, तिथले शिक्षक जीव लावून शिकवतात. मला एवढंच मागायचंय: सुट्टी लागायच्या आधी चार दिवस आयांनाही शाळेत बोलवा. राहायची सोय करा, बुडालेली रोजी द्या, आणि लेकीच्या शेजारी त्याच बाकावर बसवून तिची भाषा शिकवा.