सागरेश्वराचें रान

देवराष्ट्रें गावाजवळील सागरेश्वराचा डोंगर एके काळीं उघडाबोडका होता. पूर्वीच्या सातारा जिल्ह्यांतील हें स्थान आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनीं तेथें वनराई उभारण्याचा ध्यास घेतला. कुऱ्हाड व चराई थांबली. गवत वाढलें, लाविलेलीं झाडें जगलीं. मग हरणें आणून सोडलीं आणि १९८५ सालीं अभयारण्य जाहीर झालें.

तेथील सांबरें, चितळें पाहून आमचें मन हरखतें. परंतु तींच जनावरें कुंपणाबाहेर पडून शेजाऱ्याचें उभें पीक खातात. शेतकऱ्यानें नुकसान सोसावें व आपण शोभा पाहावी, हा न्याय नव्हे. कुंपण बळकट असावें, रानांतच चारापाणी मिळावें, भरपाईस विलंब नसावा. विद्यार्थ्यांनो, रान राखणाऱ्यानें शेजारधर्महि राखिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.