मनाच्या अभ्यासाचा मान

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये एप्रिलची सकाळ फार लवकर तापते. जीवाजी विद्यापीठाकडे जाणाऱ्या मुलांची वर्दळ वाढायच्या आत कुंड्यांना पाणी घालून घ्यावं लागतं. मोगऱ्याला पाणी घालत होते, तेवढ्यात अमेरिकेतून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र होती. "आत्या, साय-कायमध्ये घेतलं मला!" असं म्हणत तिने एक दोरी कॅमेऱ्यासमोर धरली. निळा आणि रुपेरी पीळ, टोकाला गोंडे. बोलता बोलता ती गोंड्याचे धागे बोटांनी सारखे करत होती. पदवीदानाच्या दिवशी ती दोरी तिच्या गळ्यात असेल.

साय-काय ही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मानाची संस्था. १९२९च्या सप्टेंबरात येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तेव्हा तिचा जन्म झाला. पदवीच्या विद्यार्थ्याला वर्गातल्या वरच्या ३५ टक्क्यांत यावं लागतं. वर्गणी एकदाच भरायची, सभासदत्व मात्र जन्मभराचं. पण भाचीच्या आवाजातला आनंद गुणांचा नव्हता. परक्या गावी आपल्यासारखीच माणसं भेटल्याचा तो आनंद होता. माणूस का घाबरतो, का विसरतो, का हसता हसता गप्प होतो, असे प्रश्न उशाशी घेऊन झोपणारी माणसं.

इथे तिला ती सोबत मिळाली नव्हती. बारावीनंतर तिने हा विषय निवडला, तेव्हा घरातल्या जाणत्यांनीच विचारलं होतं, "वेड्यांचं शास्त्र शिकून करणार काय?" आमच्या ग्वाल्हेरात मनोरुग्णांसाठी मानसिक आरोग्यशाळा आहे, तरी रागावलं की लोक 'आग्र्याला पाठवा' म्हणतात. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवरची देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवली. मनाच्या दुखण्याकडे आपण किती काळ पाठ फिरवून बसलो होतो, हे त्यावरून कळावं.

तसा हा अभ्यास आपल्याला नवा नाही. कलकत्ता विद्यापीठात तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. वा. कृ. कोठुरकरांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला. आणि गरज? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक विकार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. म्हणजे आपल्या वाड्यात, आपल्या गल्लीत, आपल्याच पंगतीत कुणीतरी निमूट सोसत असतं. त्याच्याजवळ बसून नीट ऐकून घेणारं शिकलेलं माणूस हवं असतं.

म्हणून मला त्या दोरीचं अप्रूप वाटलं. हा अभ्यास मानाचा आहे, असं कुणीतरी चारचौघांत, सोहळा करून सांगितलं. ज्या विद्येला घरात खाली मान घालावी लागली, तिला सभेत ताठ उभं केलं. असा मान आपल्या महाविद्यालयांनीही आपल्या मुलांना द्यावा. त्यासाठी सातासमुद्रापार जावं लागू नये. आणि तुमच्या घरातली एखादी मुलगी मानसशास्त्र घेते म्हणाली, तर 'पुढे काय' हे विचारण्याआधी तिच्या हातावर साखर ठेवा.