पारोचे लाड

हिला भेटा. नाव पारो. माहेर जपान. वजन २.७ किलो, म्हणजे तान्ह्या बाळाएवढं. रूप हार्प सीलच्या पिल्लाचं: पांढरीशुभ्र लव, काळेभोर डोळे, लांब पापण्या. ‘पर्सनल रोबो’चा जपानी उच्चार आखडून हे नाव पडलं.

हिला घडवणारे अभियंते ताकानोरी शिबाता १९९३ पासून हिच्या मागे लागले. आधी त्यांनी मांजर घडवून पाहिलं. पण मांजर घरोघरचं. लोक खऱ्याशी ताडून बघत आणि नाक मुरडत. सीलचं पिल्लू कुणाच्या मांडीवर खेळलंय? ताडून बघायचं कशाशी?

पारो भारी मानी आहे. गोंजारलं की मान वर करून डोळे मिटते. फटका मारला की तक्रारीचा सूर लावते. लाड कशाने झाले ते बरोबर लक्षात ठेवते आणि तेच पुन्हा करते. आपण ठेवलेल्या नावाला ओ द्यायला शिकते. दिसण्याचा तोराही आहेच: प्रत्येकीची लव हाताने कातरलेली, त्यामुळे दोघी बहिणींचे चेहरे तंतोतंत सारखे नसतात. भूक लागली की तोंडात चोखणी द्यायची. तो तिचा चार्जर!

चालता येत नाही, बोलताही येत नाही. शिबातांचं खरं शहाणपण मला इथे दिसतं. चालत नाही म्हणून उचलून घ्यावं लागतं. बोलत नाही म्हणून चुकीचं काही बोलून बसत नाही. पारो ज्यांच्या मांडीवर जाते त्या स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना सगळे भरवतात, न्हाऊ घालतात, कूस बदलून देतात. त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही. पारो मागते. ती कुरकुरली की दिवसभर चादरीची कड चाळवणारे हात तिच्या पाठीवरून फिरू लागतात. “झोप आली का गं?”

अमेरिकेने २००९ मध्ये तिला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. तिथल्याच अभ्यासक शेरी टर्कल यांना मात्र ती खटकते. आजी दुःख सांगतात आणि ऐकणाऱ्या यंत्राला त्यातलं काहीच कळत नाही, हा त्यांचा आक्षेप. तो खरा आहे. पारो मान हलवते ती हाताच्या स्पर्शाने, गेलेल्या मुलाच्या आठवणीने नव्हे.

म्हणून एक विनंती. पारोला आजींच्या मांडीवर ठेवून निघून जाऊ नका. शेजारी खुर्ची ओढून बसा. पारोला थोपटता थोपटता आजी बोलू लागतील, तेव्हा ऐकायला तुम्ही तिथे असा.